मारुती ८०० : उरलेल्या गाड्यांचा हिशेब

(एका अभ्यासमंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मारुती ८०० या लहान मोटारीचे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी बंद झाले. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी बाहेर पडली होती. या तीस वर्षांत एकट्या भारतात २६ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या; शिवाय नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका या देशांत आणि काही प्रमाणात युरोपातही त्या गेल्या. एके काळी कोणत्याही शहरात रस्त्याच्या कडेला उभे राहिले की मिनिटभरात दोन-चार तरी दृष्टीस पडत. आता पुण्यासारख्या शहरात दिवसाकाठी एखादी दिसली तर दिसते, आणि तीही बहुधा कुठल्या तरी गॅरेजच्या दारात, अंगावर दोन-तीन रंगांचे पत्रे वागवीत उभी असते. तेव्हा एक साधा प्रश्न विचारता येतो : या २६ लाखांपैकी आज उरल्या किती?

सरकारला याचे उत्तर देता येत नाही. गाडीचा जन्म सरकारदरबारी नोंदला जातो, मृत्यू सहसा नोंदला जात नाही. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५५ असे सांगते की, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे. हे कलम पाळणारा मालक विरळा. कारण उघड आहे. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत खासगी मोटारीचा कर गाडी घेतानाच एकरकमी भरून घेतला जातो. पुढची पंधरा वर्षे गाडी जिवंत आहे की मेली हे विचारण्याचे परिवहन कार्यालयाला कारण उरत नाही, आणि सांगण्याचे मालकाला प्रयोजन उरत नाही. ब्रिटनमध्ये गाडीचा कर दरवर्षी भरावा लागतो, आणि गाडी रस्त्यावर आणायची नसेल तर तसे रीतसर कळवावे लागते. म्हणून तेथे कोणत्या नमुन्याच्या किती गाड्या चालू आहेत हे आकडे सरकार वेळोवेळी प्रसिद्ध करते, आणि एखाद्या जुन्या लहान गाडीची संख्या हजारांवरून शेकड्यांवर कशी आली याची हौशी मंडळी चवीने चर्चा करतात. भारतात मात्र रस्त्यावरील वाहनांचा म्हणून जो आकडा दिला जातो तो आजवर झालेल्या नोंदणीची बेरीज असतो. त्यात वजाबाकी जवळजवळ नसते.

ही उणीव निरुपद्रवी नाही. २०२५च्या जुलैत दिल्लीमध्ये जुन्या गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधन नाकारण्याचा हुकूम अमलात आला. तेव्हा राजधानीत 'आयुर्मान संपलेली' ६२ लाख वाहने आहेत असे सांगितले गेले. हा आकडा नोंदवहीतला होता. त्यांपैकी कितीतरी वाहने मायापुरीच्या भंगारबाजारात केव्हाच सुटी होऊन विकली गेली असणार. ज्यांच्यातून आता धूर निघणे शक्यच नाही अशा मृतांना जमेस धरायचे, संकट फुगवून दाखवायचे, आणि त्या भीतीच्या बळावर हयात असलेल्यांवर दंड बसवायचा, असा हा व्यवहार आहे. लोकांचा संताप एवढा झाला की थोड्याच दिवसांत हुकूम लांबणीवर टाकावा लागला. परंतु त्यामागचा विचार मागे घेतलेला नाही.

या गाडीच्या जन्माची कथा समाजवादी चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. तरुणांसाठी थोडक्यात सांगितली पाहिजे. संजय गांधी यांना १९७० साली वर्षाला ५० हजार लहान मोटारी बनवण्याचे इरादापत्र मिळाले. पुढच्या वर्षी मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, हरयाणा सरकारने गुडगावजवळ सुमारे ३०० एकर जमीन मिळवून दिली, आणि गाडी काही बाजारात आली नाही. मधु लिमये, ज्योतिर्मय बसू यांच्यासारख्या खासदारांनी संसदेत हे प्रकरण लावून धरले. जनता राजवटीत न्या. ए. सी. गुप्ता यांचा चौकशी आयोग नेमला गेला; कंपनी दिवाळ्यात निघाली. १९८० साली काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली आणि जूनमध्ये संजय गांधींचा अपघाती मृत्यू झाला. त्याच वर्षी आधी अध्यादेश आणि मग कायदा करून ही बुडालेली कंपनी सरकारने ताब्यात घेतली. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी निघाली, आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीने २६ टक्के भांडवल घालून तीत भागीदारी पत्करली. पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी संजय गांधींच्या जन्मतारखेचा मुहूर्त धरून ग्राहकाच्या हाती दिली. एका खासगी हट्टाचे राष्ट्रीयीकरण म्हणतात ते याला.

तेव्हा गाडीची किंमत ४७,५०० रुपये होती. देशाच्या त्या वेळच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या ती वीस पटींच्या आसपास जाते. तरीही दहा-दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. 'जनतेची मोटार' या शब्दप्रयोगातील जनता कोण, हे त्यावरून कळते. तुटपुंजे परकीय चलन आणि सार्वजनिक भांडवल बसगाड्या, रेल्वे, सायकली यांच्याऐवजी मूठभरांच्या मोटारीवर घालवले जात आहे, असा समाजवाद्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप त्या वेळी बरोबर होता आणि आजही मागे घेण्याचे कारण दिसत नाही. पुढे १९९२ मध्ये सुझुकीचा वाटा निम्मा झाला, २००२ मध्ये नियंत्रण तिच्याकडे गेले आणि २००७ मध्ये सरकारने आपले उरलेसुरले भागही विकून टाकले. जोखमीच्या काळात भांडवल जनतेचे, नफ्याचा काळ आला की मालकी दुसऱ्याची, हा क्रम या देशात नवा नाही.

परंतु वस्तू एकदा निर्माण झाली की तिचे पुढचे आयुष्य तिच्या निर्मात्यांच्या हेतूप्रमाणे जात नाही. मारुती ८०० १९८४ मध्ये ज्या घरात आली त्या घरात ती फार तर सात-आठ वर्षे राहिली. उदारीकरणानंतर नव्या मोटारी आल्या, तसे त्या घराने ती विकली. घेणारा एखादा शाळामास्तर, तालुक्याच्या गावचा डॉक्टर, विमा एजंट. त्याने ती आणखी दहा वर्षे वापरली आणि मोटार शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेला दिली. तिथून ती गेली गॅरेजवाल्याकडे, किंवा मागची बैठक काढून भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याकडे. प्रत्येक हातबदलात किंमत घटली आणि मालकाचे उत्पन्नही घटले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत घसारा ही केवळ मूल्याची घट म्हणून शिकवतात. प्रत्यक्षात घसारा ही मालकीची उतरंडही असते. वरच्या वर्गासाठी बनवलेली वस्तू या उतरंडीने पायरी-पायरीने खाली येते, आणि शेवटच्या पायरीवर तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. श्रीमंताच्या दारी ती शोभेची होती, येथे ती रोजीरोटीची झाली. मेघालयात शिलाँगच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या वर्षानुवर्षे याच गाड्या होत्या, मिझोरमच्या ऐझॉलमध्येही होत्या. तेथील अरुंद, उभ्या चढाच्या रस्त्यांवर साडेसहाशे किलो वजनाची ही गाडी जेथे वळते तेथे आजच्या अंगापिंडाने भरलेल्या मोटारी अडकून पडतात. काठमांडूच्या टॅक्सीवाल्यांनीही कित्येक वर्षे हिच्यावरच संसार चालवले.

ती इतकी टिकली कशी, हेही पाहण्याजोगे आहे. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे तिचे एंजिन ओम्नी या व्हॅनमध्येही होते, आणि ओम्नीचे उत्पादन २०१९ पर्यंत चालू राहिले. पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर, १९८६ मध्ये, बाह्यरूप बदलले; त्यानंतर मूळ सांगाडा जवळपास तोच राहिला. (सीमेपलीकडे पाकिस्तानात हिचीच सख्खी बहीण 'मेहरान' या नावाने २०१९ पर्यंत बनत होती. दोन्ही देशांतील मध्यमवर्गाची आवड एवढी एकसारखी असेल असे दोन्ही सरकारांना कधी वाटले नसावे.) नमुना स्थिर म्हणून सुटे भाग स्वस्त, आणि भाग स्वस्त म्हणून दुरुस्ती कोणत्याही खेड्यात शक्य. कार्ब्युरेटर उघडून, साफ करून, पुन्हा बसवण्यास मिस्त्रीला एक पान्ह्यांचा संच आणि दोन तास पुरतात. संगणक लागत नाही. शिवाय दर मेलेली गाडी दोन जिवंत गाड्यांना दरवाजा, काच, स्टार्टर, गिअरपेटी पुरवते. संख्या घटू लागते तेव्हा काही वर्षे सुटे भाग उलट मुबलक होतात आणि उरलेल्यांचे आयुष्य वाढते. मग एक टप्पा असा येतो की मोडायलाही गाड्या उरत नाहीत, भाग महागतात आणि घसरण एकदम वेगाने होते. मारुती ८०० आज बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी आहे.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. वस्तू दुरुस्त करून वापरणे हा भारतीयांचा काटकसरी स्वभाव आहे, असे कौतुकाने लिहिले जाते. स्वभाव असेलही; परंतु दुरुस्ती परवडते ती मिस्त्रीचा दिवस स्वस्त असतो म्हणून. ज्या देशात कारागिराला पुरेसे वेतन मिळते तेथे दहा वर्षांची गाडी भंगारात जाते, आणि ज्या देशात तेरा-चौदा वर्षांचा पोऱ्या गॅरेजात चहापाण्यावर राबतो तेथे ती तीस वर्षे चालते. तेव्हा ८००च्या दीर्घायुष्याचे गोडवे गाताना त्या दीर्घायुष्याची किंमत कोणी चुकवली हेही विचारले पाहिजे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला २०२३च्या ऑक्टोबरात शेवटचा निरोप देताना वृत्तपत्रांचे रकाने हळहळीने भरले होते. टॅक्सीचालकाला नव्या गाडीचे कर्ज कोणत्या व्याजाने मिळते याविषयी त्यांत फारसे काही नव्हते.

आता घसरणीतला सरकारचा वाटा. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांच्यासह तेरा शहरांत प्रदूषणाचे 'भारत टप्पा चार' हे निकष लागू झाले. कंपनीने ८०० त्या निकषांत बसवण्याचे टाळले आणि त्या शहरांतील विक्री थांबवली. याचा अर्थ असा की, या शहरांत नवी म्हणून विकली गेलेली प्रत्येक मारुती ८०० एप्रिल २०२५ पर्यंत पंधरा वर्षांची झाली. उरलेल्या भारतातील शेवटच्या गाड्याही २०२९ मध्ये पंधरा वर्षे ओलांडतील. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्राने तर २०१० पासूनच पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांवर वेगळा पर्यावरण कर बसवला. हे नूतनीकरण एप्रिल २०२२ पूर्वी ६०० रुपयांत होई. त्या महिन्यापासून शुल्क ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. जी गाडी बाजारात काही दहा हजारांत हात बदलते तिच्यासाठी ही रक्कम शुल्क म्हणण्यासारखी राहत नाही. ती गाडी सोडून देण्याची नोटीसच होते.

दिल्ली परिसरात तर शुल्क भरण्याचीही सोय नव्हती. पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील हरित न्यायाधिकरणाच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरात मात्र हे संरक्षण टप्पा चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. टप्पा चारची मारुती ८०० कधी बनलीच नाही. तिला संरक्षण मिळाले ते चार महिने.

हवेचा प्रश्न खोटा आहे असे कोणी म्हणू नये. २००० पूर्वीच्या बहुतेक ८०० कार्ब्युरेटरच्या आहेत, आणि १९९५ च्या एप्रिलपर्यंत महानगरांतसुद्धा उत्प्रेरक शोधक बसवणे सक्तीचे नव्हते. अशा गाडीचा धूर आजच्या गाडीच्या कितीतरी पट विषारी असतो. नियमही तिला सैल आहेत : उभ्या गाडीच्या धुराच्या तपासणीत टप्पा दोनच्या मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्धा टक्का, तर त्याआधीच्या मोटारीला तीन टक्के. डाव्या विचाराच्या माणसाने गरिबाच्या गाडीचा कैवार घेता घेता गरिबाच्या मुलाच्या फुप्फुसाकडे पाठ फिरवू नये. झोपडपट्टी रस्त्याला लागून असते, बंगला नसतो.

परंतु मग मोजावे ते धुराला. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणारी, वेळेवर दुरुस्त केलेली पंचवीस वर्षांची गाडी आणि वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळणारी, निगा न राखलेली बारा वर्षांची गाडी, यांत हवेचे नुकसान कोण अधिक करते हे जन्मतारखेवरून ठरत नाही. वय मोजणे सोपे, धूर मोजणे कष्टाचे. धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र नळी न लावताही मिळते, हे प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक आहे. तो भ्रष्टाचार मोडून काढण्याऐवजी शासनाने तारखेचा आधार घेतला. प्रशासनाच्या आळसाची भरपाई मालकाने करावी, आणि मालकांतही ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्यानेच करावी, असा याचा अर्थ होतो.

शिवाय भंगार-धोरणाचा दुसरा हात पाहावा. मार्च २०२१ मध्ये लोकसभेत जाहीर झालेल्या या धोरणानुसार गाडी अधिकृत केंद्रात मोडायला दिली की मालकाला नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य मिळावे, राज्यांनी नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, नोंदणीशुल्क माफ करावे, आणि उत्पादकांनी पाच टक्के सूट द्यावी, असे ठरले. सवलत मिळते ती नवी मोटार घेणाऱ्याला. गॅरेजवाला किंवा भाजीवाला ८०० मोडायला देऊन नवी मोटार घेणार नाही. त्याच्या हाती भंगाराचे पैसे तेवढे येतात. सवलतीचा दाखला दुसऱ्याच्या नावे करता येतो, म्हणजे तोही अखेर विकत घेतो तो नवी गाडी परवडणारा. आणि ती नवी गाडी कोणती? देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता उंच, जड, बहुपयोगी म्हणवणाऱ्या गाड्या आहेत. साडेसहाशे किलोचे लोखंड मोडून त्याच्या जागी बाराशे-पंधराशे किलोचे लोखंड रस्त्यावर आणायचे, तेही बहुधा एका माणसाला कचेरीत पोहोचवण्यासाठी, आणि या व्यवहाराला पर्यावरणरक्षण म्हणून करसवलत द्यायची. ते लोखंड वितळवण्यासाठी जळलेला कोळसा दिल्लीच्या हवेत दिसत नाही, तो झारखंड-ओडिशाच्या हवेत दिसतो.

जुनी मोटार सुटल्यावर माणसाने जायचे कशाने, हा प्रश्न या धोरणात कोठेच नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. महामारीपूर्वी १८ हजारांच्या आसपास असलेला एस.टी.चा ताफा नंतर १५ हजारांच्या घरात आला. २०१० च्या सुमारास मुंबईत बेस्टच्या चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज तिच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आहेत, उरलेल्या कंत्राटदारांच्या. मारुती ८०० ची संख्या घटल्याचे दुःख समाजवाद्यांनी करू नये; पण ज्यांच्या जिवावर ती घटायला हवी होती त्या बसगाड्याही तिच्याबरोबरच घटत आहेत. वयाचा तोच नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांना आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांनाही लागू झाला. खासगी मोटारीची जागा घेणाऱ्या नव्या मोटारीला करसवलत आहे. मोडीत निघालेल्या एस.टी.च्या जागी नवी एस.टी. यावी म्हणून महामंडळाला मात्र सरकारच्या दारी अनुदानासाठी उभे राहावे लागते.

तेव्हा मागण्या तीन कराव्या लागतील. नूतनीकरणाचे शुल्क गाडीच्या वयाऐवजी प्रत्यक्ष धुराच्या आणि सुरक्षिततेच्या चाचणीशी जोडावे, आणि ती चाचणी खासगी दुकानदाराच्या हाती न ठेवता सार्वजनिक केंद्रांत व्हावी. भंगारात गाडी देणाऱ्याला नव्या मोटारीच्या सवलतीऐवजी, त्याची इच्छा असल्यास, तेवढ्याच रकमेचा एस.टी. किंवा शहर बसचा पास घेण्याची मुभा असावी. आणि पर्यावरण कर व वाढीव शुल्क यांतून राज्याच्या तिजोरीत येणारी रक्कम वेगळ्या खाती दाखवून तिच्यातून किती बसगाड्या घेतल्या, याचा हिशेब दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधानसभेत ठेवावा.